बिडी, घाम आणि बाविसावं गुणसूत्र

शिरूरहून पुणं साधारण सत्तर किलोमीटर, दौंडहूनही जवळपास तेवढंच. शिरूरची माणसं एसटीने नगर रोडने येतात, दौंडची रेल्वेने. बरोबर मानसिक आजाराचा पेशंट असेल तर वाट येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे वळते, नाहीतर ससूनकडे किंवा एखाद्या खासगी डॉक्टरकडे. सोबतच्या नातेवाइकाच्या पिशवीत फाइल असते आणि फाइलच्या कप्प्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. संपलेली पट्टी एरवी कोणी ठेवत नाही. या मात्र जपून आणलेल्या असतात, कारण त्या पुरावा असतात. आजार उलटला की पहिला प्रश्न ठरलेला: गोळ्या नियमित घेतो ना? उत्तर काहीही आलं तरी विचारणाऱ्याच्या डोळ्यांतली शंका जात नाही. घरीदारीही तेच ऐकू येतं. जिभेखाली धरतो आणि मागच्या दाराला जाऊन थुंकतो, असं कोणीतरी म्हणतंच.

पुष्कळदा ते खरंही असतं. मनाच्या आजारावरची औषधं मध्येच सोडणारे पेशंट सगळ्या जगात आहेत आणि त्यांची कारणंही समजण्यासारखी असतात: झोप येते, वजन वाढतं, हात थरथरतात. पण ज्याने एकही गोळी चुकवली नाही, त्याच्याही रक्तात औषध नावापुरतंच सापडू शकतं. दुसरीकडे नेमाने अर्धीच गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते गरजेच्या दुप्पट असू शकतं. पट्टीवर छापलेले मिलिग्रॅम आणि रक्तात फिरणारं औषध हे दोन वेगळे आकडे आहेत.

दौंडच्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. खडकवासल्यातून नव्या मुठा उजव्या कालव्यात आवर्तन सुटलं की वर्तमानपत्रात आकडा येतो, इतके टीएमसी सोडले. टेलचा शेतकरी तो आकडा वाचून हसतो. त्याच्या बांधापर्यंत किती पाणी येणार हे मधल्या मोटारी ठरवतात. कुठे कालव्यात पाइप टाकलेले, कुठे पाझर, कुठे फुटलेली चारी. शिरूरच्या बाजूला चासकमानच्या कालव्यावरही हीच कथा. गोळीतलं औषध म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, मेंदू म्हणजे टेलचं शेत आणि मधल्या मोटारी बसल्यात यकृतात.

या मोटारींना शास्त्रात विकरं किंवा एन्झाइम म्हणतात. औषध हे शरीराच्या दृष्टीने परकं रसायन. ते तोडून, पाण्यात विरघळण्याजोगं करून लघवीवाटे बाहेर टाकायचं काम ही एन्झाइमं करतात. सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या घराण्यातली चार नावं मनाच्या औषधांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा येतात. डॉक्टर मंडळी ती इंग्रजी आकड्या-अक्षरांतच घेतात: टू-डी-सिक्स, टू-सी-नाइन्टीन, वन-ए-टू, थ्री-ए-फोर. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, नॉरट्रिप्टिलिन यांच्याशी टू-डी-सिक्सचा संबंध. एस्सिटालोप्राम टू-सी-नाइन्टीनकडे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन मुख्यतः वन-ए-टूकडे, क्वेटियापिन थ्री-ए-फोरकडे. प्रत्येक एन्झाइम कसं बनवायचं हे एकेका जनुकात लिहिलेलं असतं. टू-डी-सिक्सचं जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर, टू-सी-नाइन्टीनचं दहाव्यावर आणि वन-ए-टूचं पंधराव्यावर.

जनुकाचा यात किती हात आहे, हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते जुळ्यांमुळे. १९६९ साली स्वीडनमध्ये अलेक्झांडरसन, प्राइस इव्हान्स आणि श्योक्विस्ट यांनी जुळ्या भावंडांना नैराश्यावरचं नॉरट्रिप्टिलिन हे औषध वजनाच्या हिशेबाने सारखं दिलं आणि रक्तातली पातळी मोजली. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची पातळी जवळजवळ सारखी आली. दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत फरक पडला. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती पहिलीपेक्षा मोलाची वाटते. जुळ्यांपैकी कोणी बार्बिट्युरेटसारखं दुसरं औषध घेत असेल, तर एकाच बीजाच्या जुळ्यांचीही पातळी वेगवेगळी येत होती. म्हणजे जनुकं तीच असली तरी दुसऱ्या एका औषधाने हिशेब बिघडवला. या प्रकरणात पुढे जे येणार आहे, ते सगळं बीजरूपाने त्या एका प्रयोगात होतं.

पुढे लंडनच्या सेंट मेरीज वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ नावाच्या संशोधकाने रक्तदाबावरचं डेब्रिसोक्विन हे औषध स्वतःच घेऊन पाहिलं. बरोबरच्या सहकाऱ्यांनीही घेतलं. बाकीच्यांना फारसं काही झालं नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की त्यांना उभं राहता येईना. त्यांच्या शरीरात ते औषध तोडणारी मोटार चालतच नव्हती. १९७७ साली हे काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. ती बंद मोटार म्हणजेच टू-डी-सिक्स.

याच्या उलट टोकही स्वीडनमध्येच सापडलं. नैराश्याच्या एका रुग्णाला नॉरट्रिप्टिलिनचे दिवसाला ५०० मिलिग्रॅम द्यावे लागत होते. एरवी ७५ ते १५० मिलिग्रॅममध्ये भागतं. १९९३ साली याचं कारण जनुकात सापडलं. टू-डी-सिक्सचं जनुक माणसाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं, पण काहींच्या गुणसूत्रावर त्याच्या जादा प्रती एकापुढे एक लागलेल्या असतात. त्याच वर्षी एका स्वीडिश कुटुंबात वडील, मुलगा आणि मुलगी या तिघांकडे अशा बारा प्रती आढळल्या. एकाच कालव्यावर बारा मोटारी लागल्यावर टेलला काय पोचणार? अशा माणसाला नेहमीचा डोस देऊन ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणं हा औषधावरही अन्याय आणि माणसावरही.

आता शिरूर-दौंडच्या माणसाचं काय?

भारतीयांत टू-सी-नाइन्टीन अजिबात न चालणारी माणसं युरोपपेक्षा बरीच जास्त आहेत. तिकडे शंभरात दोन-तीन, इकडे दहाच्या आसपास किंवा वर. टू-डी-सिक्सचं उलटं आहे. तिकडे शंभरात सात-आठ जणांची ही मोटार बंद असते, आपल्याकडे त्याहून पुष्कळ कमी. नैराश्य आणि चिंतेवर आपल्याकडे एस्सिटालोप्राम सर्रास लिहून दिलं जातं आणि ते टू-सी-नाइन्टीनचं गिऱ्हाईक. ऑस्लोमधल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या रक्ताच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्यांचं टू-सी-नाइन्टीन बंद होतं, त्यांच्या रक्तात एस्सिटालोप्राम सर्वसाधारण माणसाच्या ३.३ पट होतं. याचंच जवळचं औषध सिटालोप्राम अशा माणसांना दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लिहून ठेवलं आहे. त्यात पित्ताची गोळी आणखी भर घालते. ओमेप्राझोल याच मोटारीचा वेग कमी करतं, आणि सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल घेणं हा आपल्याकडे चहाइतकाच नेमाचा प्रकार झाला आहे. डॉक्टरने ‘आणखी काही औषधं चालू आहेत का’ विचारलं, तर ही गोळी कोणी सांगत नाही. ती औषध आहे असंच कोणाला वाटत नाही.

पण ‘भारतीय’ म्हणून सरासरी काढणं फसवं आहे. आपल्याकडे जातीत, पोटजातीत लग्नं होत आली, ती दोन-चार पिढ्यांपासून नव्हे तर काही ठिकाणी दीड-दोन हजार वर्षांपासून. त्यामुळे एखाद्या समाजात कधीकाळी आलेला जनुकातला बदल त्याच समाजात साचत राहतो आणि शेजारच्या आळीत सापडतही नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मनोविकारांच्या उपचारांशीच जोडलेलं आहे. विजेचे झटके देण्याच्या उपचारात भूल देताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन टोचतात. सर्वसाधारण माणसात रक्तातलं एक एन्झाइम ते काही मिनिटांत तोडून टाकतं. मूळ आंध्रातल्या आणि मराठवाड्यातही पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वैश्य समाजात हे एन्झाइम न चालणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या मानाने फार मोठं आहे. अशा माणसाचा श्वास मिनिटांऐवजी काही तास परत येत नाही आणि तोवर त्याला यंत्रावर ठेवावं लागतं. ‘भारतीय सरासरी’ पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाला हे कधीच दिसलं नसतं. ज्यांनी आडनाव विचारलं, त्यांना दिसलं.

मामाच्या मुलीशी लग्न हाही याच हिशेबातला भाग. महाराष्ट्रातल्या पुष्कळ समाजांत हे नातं पसंतीचं मानलं जातं. मोटार पूर्ण बंद पडायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, आणि नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असतील तर मुलाला तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून मिळायची शक्यता वाढते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आजीला कधी काळी एखाद्या गोळीने ‘दोन दिवस झोपवलं’ होतं, ही घरात हसत सांगितली जाणारी गोष्ट डॉक्टरच्या कानावर घालण्याजोगी आहे.

तसं पाहिलं तर आज ‘शिरूरचा माणूस’ म्हणजे कोण, हाच प्रश्न आहे. रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा इथल्या कारखान्यांत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसं कामाला आहेत. दौंड रेल्वेचं जंक्शन. तिथे बाहेरून आलेल्या रेल्वे कामगारांच्या तीन-तीन पिढ्या झाल्या, आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीने नवीन वस्ती आणली. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. तिथे २००२ पासून २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि येणंजाणं घरोघर जाऊन नोंदलं जातं. नोंदवहीत ‘येणंजाणं’ हा वेगळा रकाना ठेवावा लागतो, यातच सगळं आलं. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचं वाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. ती उपयोगी पडेलच, पण समोर बसलेल्या एका पेशंटचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

शिवाय जनुक जन्मभर बदलत नाही. पातळी मात्र महिन्या-महिन्याला बदलते. ती बदलणाऱ्या गोष्टी घरात, शेतात आणि टपरीवर असतात.

सुरुवात बिडीपासून करू. स्किझोफ्रेनियात इतर औषधं चालली नाहीत की क्लोझापिन देतात. त्याची पातळी मिलिलिटरमागे ३५० नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा वर असली तर गुण यायची शक्यता चांगली, असं धरतात. हे औषध तोडणाऱ्या वन-ए-टूचा स्वभाव चमत्कारिक आहे. तंबाखूच्या धुराने ते चेकाळतं. यकृत जादा एन्झाइम बनवू लागतं आणि औषध भराभर बाहेर जातं. यात निकोटिनचा काही संबंध नाही. हे काम अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या धुरातल्या रसायनांचं. म्हणून दिवसाला पंधरा बिड्या ओढणारा आणि दिवसभर तंबाखू-चुना मळून गालात धरणारा, हे दोघे तंबाखूचे सारखेच बांधील असले तरी क्लोझापिनच्या बाबतीत सारखे नाहीत. केसपेपरवर ‘तंबाखू: होय’ एवढंच लिहिलं, तर कामाची गोष्ट लिहायची राहिली.

समजा, न्हावऱ्याकडचा एक माणूस आहे. घरी पंधरा-वीस बिड्या चालतात. आजार वाढला म्हणून त्याला भरती केलं. वॉर्डात बिडी बंद. आठवड्याभरात जादा एन्झाइम ओसरतं आणि त्याच डोसवर पातळी दीडपट, कधी त्याहूनही वर चढते. डॉक्टर पातळी आणि लक्षणं पाहून डोस बेताचा ठरवतात. माणूस सुधारतो, घरी सोडतात. एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या तो टपरीवर जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा आवाज ऐकू यायला लागतात आणि घरचे म्हणतात, गोळ्या टाकल्या असणार. गोळ्या टाकल्या नव्हत्या, बिडी पेटवली होती. याची उलटी बाजू अधिक धोक्याची. कोणी देवाला नवस बोलून एका रात्रीत बिडी सोडतो, सगळं घर आनंदात असतं, आणि क्लोझापिन चढत जाऊन माणूस गुंगीत पडतो, लाळ गळते, फार चढलं तर झटकेही येऊ शकतात. बिडी सोडावीच, पण सोडल्याचं डॉक्टरला त्याच आठवड्यात कळायला हवं.

आशियाई माणसाला मुळातच क्लोझापिन कमी लागतं. २०२२ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत पाकिस्तानपासून जपानपर्यंतच्या लोकांसाठी दिवसाला १७५ ते ३०० मिलिग्रॅम पुरेसे धरले आहेत. कमी आकडा धूर न घेणाऱ्या बाईसाठी, जास्त धूर घेणाऱ्या पुरुषासाठी. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी हेच २५० ते ४००. परदेशी पुस्तकातला डोस जसाच्या तसा उचलला, तर आपल्याकडच्या न ओढणाऱ्या बाईला तो जड जाणार हे उघड आहे. ताप आणि जंतुसंसर्गही इथे घुसतात. न्यूमोनियासारख्या आजारात शरीरात जी दाहक रसायनं सुटतात ती वन-ए-टूला झोपवतात आणि क्लोझापिन वर जातं. म्हणून क्लोझापिनवरच्या माणसाचा मोठा ताप हा नुसता ताप नसतो.

क्षयाच्या औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सरळ आहे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे सगळ्यांना माहीत असतं. तेच रिफाम्पिसिन यकृतातल्या कितीतरी मोटारी एकदम पूर्ण वेगात सोडतं हे फार थोड्यांना. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, क्लोझापिन या सगळ्यांची पातळी पडते. परिणाम चढायला दोनेक आठवडे लागतात आणि सहा महिन्यांनी कोर्स संपल्यावर ओसरायलाही तेवढेच. त्यामुळे क्षयाचं औषध सुरू झाल्यावर एकदा आणि संपल्यावर पुन्हा एकदा, दोन्ही वेळा मनाच्या औषधाकडे बघावं लागतं. आपल्याकडे क्षयाचं कार्ड एका खिडकीवर आणि मनाची फाइल दुसऱ्या खिडकीवर असते.

बायकांच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा, आणि त्याची नोंद मात्र सगळ्यात कमी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. त्यातलं इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यापर्यंत खाली आणू शकतं. लोहाच्या सात दिवसांत ती पुन्हा चढते. म्हणजे द्विध्रुवी विकारासाठी लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईच्या रक्तातलं औषध दर महिन्याला झोक्यासारखं खालीवर होतं, आणि ‘महिन्यातल्या ठरावीक दिवसांत हिचं डोकं फिरतं’ असं घरचे म्हणतात तेव्हा त्यात कदाचित या झोक्याचाही वाटा असतो. तेच इस्ट्रोजेन वन-ए-टूला मागे खेचतं, म्हणजे क्लोझापिन आणि ओलान्झापिन वर जातात. सरकारचीच ‘छाया’ ही गोळी मात्र वेगळी. तिच्यात इस्ट्रोजेन नाही.

गरोदरपणात तर सगळेच कालवे दिशा बदलतात. लॅमोट्रिजिन बरंच खाली येतं. मूत्रपिंडं जादा काम करतात म्हणून लिथियमही खाली येतं. डॉक्टर पातळी बघून डोस वाढवतात, आणि बरोबरच करतात. मग सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते. सासर दौंडला, माहेर कुठेतरी करमाळ्याकडे. बाळंत झाल्यावर शरीर काही दिवसांत पूर्ववत व्हायला लागतं, वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहतो, आणि तो ज्यांनी वाढवला ते डॉक्टर दोन तालुके पलीकडे. बाळंतिणीला गुंगी येते, तोल जातो, आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू द्या. माहेरच्या बाळंतपणाचं मला कौतुकच आहे. फाइल मात्र लेकीबरोबर यायला हवी.

लिथियमची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. त्याला यकृतातल्या मोटारींशी कर्तव्य नाही. ते मीठ आहे, मिठासारखं रक्तात फिरतं आणि मूत्रपिंडातून बाहेर जातं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. आजही द्विध्रुवी विकारात त्याच्या तोडीचं औषध नाही. अडचण एवढीच की गुण येणारी पातळी आणि विषारी पातळी यांच्यात फार जागा नाही. लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ही कामाची पट्टी. १.५ च्या पुढे त्रास सुरू होतो. हात जोरजोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, बोलणं जड होतं, चाल अडखळते. रानात कोणी असं चालताना दिसलं तर लोक एकच निष्कर्ष काढतात: सकाळी सकाळी घेऊन आलाय.

शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि मिठाचा भाऊ म्हणून लिथियमही धरून ठेवतं. आता हे शिरूर-दौंडच्या वर्षावर मांडून पाहा. एप्रिल-मेचं ऊन. न्हावऱ्याच्या घोडगंगा किंवा पाटसच्या भीमा कारखान्याच्या परिसरात पहाटेपासून चालणारी ऊसतोड. रक्तदाबामुळे डॉक्टरने मीठ बंद केलेला म्हातारा. उपासाच्या दिवसांत भगर आणि शेंगदाण्यावर राहणारी, पाणीही विसरणारी बाई. आषाढ जवळ आला की तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड हे मुक्काम करत दौंड तालुक्यातून जाते. चालून चालून गुडघे धरले की वारकरी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेतो. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची ती गोळी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाणं कमी करते. पॅरासिटामॉल तसं करत नाही. रक्तदाबावर टेल्मिसार्टनसोबत येणारं हायड्रोक्लोरोथायाझाइडही लिथियम वाढवतं. त्यात जुलाब लागले तर पातळी दोन-तीन दिवसांत धोक्याच्या घरात जाऊ शकते. लिथियम घेणाऱ्याने वारी करू नये असं मी म्हणत नाही. करावी. पाणी, मिठाचं ताक आणि फाइलवरचा डॉक्टरांचा फोन नंबर एवढं सोबत घेऊन करावी.

शरीराच्या बांध्याचाही यात हात असतो, आणि त्या बाबतीत पुण्याने जगाला काही शिकवलं आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये आपला आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांतही हेच दिसलं. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांच्या ३.५ किलोपेक्षा कितीतरी कमी, पण चरबीचा वाटा त्या मानाने टिकून. बारीक दिसणाऱ्या माणसात लपलेली ही चरबी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू करताना आठवावी, कारण ही दोन्ही औषधं वजन आणि साखर वाढवण्यात अव्वल आहेत. वजनकाट्यावर ‘बारीक आहे, याला काय होतंय’ म्हणणं आपल्या मातीत चालत नाही.

मग जनुकाची तपासणी करून घ्यावी का? आज शहरातल्या प्रयोगशाळा ती करतात, लाळेवर किंवा रक्तावर, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. एकामागून एक दोन-तीन औषधांनी साध्या डोसवर भलताच त्रास झाला किंवा भरपूर डोसवर काहीच झालं नाही, तर ती तपासणी पैसे वसूल करते. कार्बामाझेपिनच्या बाबतीत तर वेगळंच एक जनुक आहे, एचएलए-बी १५:०२. ते असलं तर पातळी अगदी योग्य असूनही अंगावरची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ते भारतातही सापडतं. पण शिरूरच्या पेशंटला सगळ्यात आधी जनुकाचा अहवाल आणायला सांगणं मला उलटं वाटतं. अहवाल सांगेल मोटार कुठल्या कंपनीची आहे. ती आज चालू आहे की बंद, हे बिडी, ताप, क्षयाच्या गोळ्या आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या सांगतील. ते विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

लागते ती रक्तातल्या पातळीची साधी तपासणी. मानसोपचारातल्या औषधांच्या पातळ्या कधी आणि कशा मोजाव्यात यासाठी जर्मन भाषिक देशांतल्या एजीएनपी या गटाने २००४ पासून सूचना तयार केल्या. २०१७ च्या आवृत्तीत १५४ औषधं आहेत. लिथियमची तपासणी त्यातली सगळ्यात जुनी आणि रुळलेली. तरीही दोन गोष्टी चुकतात. एक, रक्त कधी घेतलं. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेलं रक्तच अर्थ लावण्याजोगं. गोळी घेऊन तासाभरात घेतलेल्या रक्तात आकडा फुगलेला दिसतो. दुसरी चूक थोडी गमतीची आहे. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्या हिरव्या टोपणाच्या नळीत लिथियम तपासायला रक्त घेतलं, तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि भल्या माणसाला विषबाधा झाल्याचं कागदावर येतं.

बारा तासांचा हिशेब पुण्यात राहणाऱ्याला सोपा असतो. दौंडहून येणाऱ्याला तो आदल्या रात्रीच बसवावा लागतो. रात्री नऊला गोळी, सकाळची गोळी घ्यायची नाही, पण डब्यात ठेवून बरोबर न्यायची, पहाटेची गाडी, सकाळी नऊला सुई, मग चहा आणि गोळी. डबा उघडायच्या आधी सोबतच्या बहिणीने फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलेलं असलं तर डॉक्टरचं निम्मं काम झालेलं असतं: गोळी रात्री नऊ. बिड्या रोज सहा, आधी पंधरा होत्या, दसऱ्यापासून कमी. पित्ताची गोळी चालू. गेल्या आठवड्यात दोन दिवस ताप. पट्ट्या मोजल्या, एकही शिल्लक नाही.